मालतीमाधवांतील नंदनाचा उपहास

१

भवभूतीच्या मालतीमाधव या प्रकरणाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्यांत माधवाचा विलाप, श्मशानांतील पांचवा अंक, कामंदकीची नीति व कवीचा काल हे विषय वारंवार येतात. त्या मानानें नंदनाकडे लक्ष थोडें गेलें आहे. नंदन हा मालतीसाठीं राजानें योजलेला वर. लग्नाच्या रात्रीं त्याच्या घरीं वधू म्हणून येतो तो स्त्रीवेषांतील पुरुष. प्रतिस्पर्धी वराच्या पक्षानें केलेली ही थट्टा त्याला कशी लागली, कवीनें ती कोठें व कोणाच्या तोंडून सांगितली, आणि तिचा शेवट कसा केला, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही विचारास घेत आहों.

प्रश्न लहान दिसतो. परंतु जुने कागद वाचणारांस तो परका वाटूं नये. हरलेल्या पक्षाचें दप्तर बहुधा हातीं लागत नाहीं. त्याची हकीकत आपण जिंकणाराच्या पत्रांतून वाचतों आणि त्या पत्रांतील विशेषणेंही नकळत उचलतों. नंदनाची गोष्ट आपल्यापुढें नेमकी अशीच आलेली आहे.

२

हा लेख सालेकसा येथून लिहीत आहों, याला कारण आहे. गोंदियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमगांव लागतें. त्यापुढें सालेकसा, दरेकसा आणि मग राज्याच्या सीमेपलीकडचें डोंगरगड. आमगांवाजवळच पद्मपूर, लोकांच्या बोलण्यांतलें पदमपूर, हें गांव आहे. हा सर्व मुलूख पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होता; १ मे १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यांत मोडतो.

भवभूतीनें आपल्या कुळाची माहिती नाटकांच्या प्रस्तावनांत दिली आहे. दक्षिणापथांतील पद्मपूर हें नगर, तैत्तिरीय शाखा, काश्यप गोत्र, उदुंबर हें कुलनाम, आजा भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जतुकर्णी, असा तो तपशील आहे. मालतीमाधवाच्या कांहीं पोथ्यांत नगराच्या उल्लेखापाशीं ‘विदर्भेषु’ हें पद अधिक मिळतें, कांहींत तें नाहीं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७६ सालीं मुंबई संस्कृत मालेंत जगद्धराच्या टीकेसह हें प्रकरण छापलें, तेव्हां पद्मपूर चांद्याच्या बाजूस असावें असा तर्क केला. कृष्णयजुर्वेदी आपस्तंब ब्राह्मणांचीं घराणीं तिकडे आहेत, हा त्यांचा आधार. पुढें म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं जुन्या दुर्ग जिल्ह्यांतील मोहला येथें सांपडलेला वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट प्रसिद्ध केला. त्यांत दात्याचें नांव येण्यापूर्वींच लेख थांबला आहे. परंतु तो पद्मपुराहून दिला जावयाचा होता, एवढें आरंभींच स्पष्ट होतें. मोहला हें सीमेपलीकडचें असलें तरी याच अरण्यपट्ट्याच्या बाजूचें आहे. त्यावरून वाकाटकांचें पद्मपूर व भवभूतीचें पद्मपूर एकच, आणि तें आमगांवाजवळचें, असें मिराशींनीं ठरविलें.

ही ओळख नांवसाम्य आणि एक अपुरा पत्रा यांवर उभी आहे, हें मान्य केलें पाहिजे. तरीही चांद्याच्या तर्कापेक्षां तिचा पाया अधिक घट्ट आहे, कारण तींत गांवाचें नांव कोरीव लेखांतून मिळतें. येथील लोकांनीं ती स्वीकारलेली आहे. आमगांवच्या महाविद्यालयाला भवभूतीचेंच नांव आहे. मात्र झाडीपट्टीच्या रानांत असा कवि कोठून उपजणार, असें म्हणून हा सगळा विषय हंसण्यावारी नेणारे गृहस्थ आम्हांस अजूनही भेटतात. अशा हंसण्याला उत्तर उलट हंसून देतां येत नाहीं. तें पुराव्यानेंच द्यावें लागतें. ज्या कवीच्या नाटकांत एका मनुष्याचें हंसें झालें आहे, त्यानें स्वतः तो प्रसंग कसा हाताळला हें पाहणें म्हणूनच आम्हांस अगत्याचें वाटतें.

३

कथानक वाचकांस ठाऊक आहेच. नंदनापुरतें तें येथें मांडतों. विदर्भराजाचा अमात्य देवरात व पद्मावतीच्या राजाचा अमात्य भूरिवसु हे एका गुरूपाशीं शिकलेले. आपल्या अपत्यांचा विवाह परस्परांत करावयाचा अशी त्यांची प्रतिज्ञा होती. त्याप्रमाणें देवरातानें आपला मुलगा माधव यास कुंडिनपुराहून पद्मावतीस आन्वीक्षिकी शिकण्याच्या निमित्तानें पाठविलें. ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरच्या मुलखांतील पवाया, हें आतां सर्वमान्य आहे. नाटकांतील सिंधु व पारा या नद्यांचें वर्णन त्या स्थळाशीं जुळतें.

मध्यंतरीं राजानेंच आपला आवडता नंदन याच्यासाठीं मालतीला मागणी घातली. राजास नाहीं म्हणण्याची भूरिवसूची छाती नाहीं आणि मित्रास दिलेला शब्द मोडण्याची इच्छा नाहीं. त्यानें उत्तर दिलें कीं महाराज आपल्या कन्येचे धनी आहेत. राजानें यांत होकार ऐकला. शब्द मात्र असे योजलेले कीं मालती राजाची कन्या नव्हे, तेव्हां तिच्यावर राजाची सत्ता नाहीं, असाही अर्थ निघावा. नंदनाची फसवणूक लग्नाच्या रात्रीं सुरू झाली असें नव्हे. ती या द्व्यर्थी वाक्यापासूनच सुरू झाली, आणि ती करणारा मुलीचा बाप होता.

सहाव्या अंकांत नगरदेवतेच्या देवळांत मालतीचा विवाहवेष माधवाचा मित्र मकरंद अंगावर चढवितो. मालती व माधव कामंदकीच्या योजनेप्रमाणें बाजूस होतात आणि मकरंदाशीं नंदनाचें लग्न लागतें. पुढें काय झालें हें सातव्या अंकाच्या आरंभीं बुद्धरक्षिता सांगते. नंदनानें वधूची मनधरणी केली, तिच्या पायां पडला, मग बळानें जवळ करूं पाहिलें. तिकडून कठोर प्रतिकार झाला. तेव्हां लज्जेनें व संतापानें त्याचे डोळे भरून आले, वाणी अडखळूं लागली. वधूच्या कौमार्याला बट्टा लावणारा एक शब्द उच्चारून आणि तिच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं असें शपथेवर सांगून तो शयनगृहांतून निघून गेला.

येथें साक्षीदार कोण आहे हें पाहणें अवश्य आहे. बुद्धरक्षिता ही नंदनाच्या बहिणीची, मदयंतिकेची, सखी म्हणून त्या घरांत वावरते. परंतु ती कामंदकीच्या कटांतली आहे. नंदनाचें वय उतरलेलें आहे, रूप ओंगळ आहे, हेंही आपण याच पक्षाकडून ऐकतों. एवढें असूनही तिच्या हकीकतींत नंदनाचे अश्रु लपविलेले नाहींत. विरुद्ध पक्षाच्या माणसानें आपल्या गैरसोयीची गोष्ट कबूल केली तर ती कबुली अधिक वजनाची धरावी, हा कागदपत्रांच्या परीक्षेंतला परिचित नियम आहे. त्या नियमानें नंदनाचें दुःख खरें ठरतें. त्याच नियमाच्या बळावर त्याचा अपराध मात्र पुसतां येत नाहीं. त्यानें केलेली बळजोरी व उच्चारलेला शब्द हीं दोन्ही तितकींच खरीं राहतात. नववधूशीं फुलासारखें जपून वागावें हें कामसूत्रांतलें मत याच अंकांत सख्यांच्या बोलण्यांत येतें, तें उगीच नव्हे.

मग मदयंतिका भावजयीची समजूत घालावयास येते. भावाच्या तोंडून काय शब्द गेला हें ऐकून तिला लाज वाटते. वधू पांघरूण घेऊन निजलेली आहे असें समजून ती सख्यांपाशीं आपलें मन मोकळें करते: तिसऱ्या अंकांत वाघाच्या तावडींतून ज्यानें तिला सोडविलें त्या मकरंदावर तिचें प्रेम आहे. पांघरुणाखालीं मकरंदच असतो. एका रात्रींत नंदनाच्या घरची वधू खोटी ठरते आणि बहीण निघून जाते.

४

मृच्छकटिकांतील शकार हा याच जातीचा दुसरा वर. तोही राजाच्या आश्रयावर माजलेला, तोही नकोसा, तोही एका गुणी तरुणाचा प्रतिस्पर्धी. दोन्ही प्रकरणें मराठींत जवळजवळ एकदमच आलीं: कृष्णशास्त्री राजवाडे यांचें मालतीमाधव १८६१ सालीं व परशुरामतात्या गोडबोले यांचें मृच्छकटिक १८६२ सालीं. पुढें देवलांच्या नाटकामुळें शकार घरोघर माहीत झाला. नंदन पोथींतच राहिला. याचें एक कारण असें कीं शकार पहिल्या अंकापासून प्रेक्षकांपुढें वावरतो. त्याचा शकारी उच्चार, भारत व रामायण यांतील नांवांची त्यानें केलेली भेसळ, विटानें त्याच्या तोंडावर काढलेले टोमणे, यांवर प्रेक्षक हंसतात. आपण हास्यास्पद होत आहों हें शकाराच्या ध्यानीं येतें, आणि त्या जाणिवेंतूनच तो वसंतसेनेचा गळा दाबण्यापर्यंत व चारुदत्तावर खोटा आळ घेण्यापर्यंत जातो.

नंदन तसा नाहीं, कारण नंदन रंगभूमीवर येतच नाहीं. दहा अंकांत त्याचें नांव पुष्कळदां निघतें, त्याच्या घरांत एक संपूर्ण अंक घडतो, तथापि तो स्वतः एकदांही प्रवेश करीत नाहीं. ज्याची थट्टा झाली त्याचा चेहरा प्रेक्षकांस दाखवावयाचा नाहीं, असा हा बेत आहे.

परदेशांतील उदाहरण घ्यावयाचें तर शेक्सपियरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या १६०० सालीं प्रथम छापलेल्या सुखांतिकेंतील हेलेनेचें घेतां येईल. लायसँडर व डिमीट्रियस हे दोघेही, वनदेवतांच्या औषधामुळें, एकाएकीं तिची आर्जवें करूं लागतात. कालपर्यंत झिडकारलेल्या त्या मुलीला वाटतें कीं हे दोघे, आणि बालपणची मैत्रीण हर्मिया सुद्धां, संगनमत करून आपली कुचेष्टा करीत आहेत. प्रेक्षकांस खरी गोष्ट ठाऊक असते, म्हणून तिच्या रडण्यावरही ते हंसतात. हेलेनेला थट्टा नसतांना थट्टा दिसते. नंदनाची स्थिति अगदीं उलट आहे. त्या शयनगृहांत सगळेंच थट्टा आहे. त्याला मात्र ती दिसत नाहीं. बायकोनें आपणांस तुच्छ केलें एवढेंच त्याला कळतें. उपहास होणें आणि उपहास झाला असें वाटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीवांचूनही माणसाला पोळते, हें या दोन नाटकांस शेजारीं ठेवल्यानें चांगलें समजतें.

मराठी रंगभूमीवर १८९९ सालीं आलेल्या देवलांच्या शारदेंतील भुजंगनाथ हा नंदनाचा दूरचा वंशज म्हणतां येईल. म्हातारा वर, कोंवळी वधू, मोडलेलें लग्न. परंतु तेथें उपहास हें समाजसुधारणेचें शस्त्र होतें, आणि शस्त्र लोकांपुढें उगारावें लागतें. म्हणून भुजंगनाथ समोर उभा राहून हंसें करून घेतो.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं शय्या, आलिंगन, बलात्कार हे प्रकार रंगभूमीवर दाखवूं नयेत असा नाट्यशास्त्राचा दंडकच आहे. तेव्हां नंदनाचा अपमान पडद्याआड ठेवण्यांत कवीचें विशेष तें काय? याचें उत्तर सोपें आहे. त्या दंडकानें शयनगृह झांकलें जाईल. उरलेल्या नऊ अंकांतलें नंदनाचें न येणें त्यानें उलगडत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. राजा, भूरिवसु व देवरात हेही कधीं प्रवेश करीत नाहींत. ज्यांच्या हातीं सत्ता आहे ते सर्व पडद्याआड, आणि त्यांच्या आज्ञांखालीं दबलेले तरुण, सख्या व भिक्षुणी तेवढ्या समोर, अशीच या प्रकरणाची मांडणी आहे. नंदन त्या सत्तावंतांच्या पंक्तींतला म्हणून तोही अदृश्य. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि त्यानें आमचें म्हणणें खोडलें जात नाहीं, उलट पुरें होतें. सत्तेच्या पडद्याआड बसलेल्या या मंडळींपैकीं रडतांना वर्णिलेला एकटा नंदनच आहे. थट्टेचा बाण सत्तेवर सोडलेला होता; तो माणसाला लागला, ही नोंद कवीनें ठेवली.

यासंबंधांत एका शब्दाकडे लक्ष वेधतों. नंदनास राजाचा नर्मसुहृद म्हटलें आहे. नर्म म्हणजे थट्टामस्करी. राजाच्या करमणुकीचा हा सोबती. इतर नाटकांत हें काम विदूषक करतो. भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाहीं, हें प्रसिद्धच आहे. ज्या नाटकांत हंसविणारा पात्र म्हणून कोणी नाहीं, त्यांत थट्टेच्या धंद्यावर वाढलेला माणूस स्वतः थट्टेचा विषय होतो, आणि तोही प्रेक्षकांच्या नजरेआड, ही योजना सहज घडलेली आम्हांस वाटत नाहीं.

स्त्रीवेषाच्या युक्तीची तयारीही कवीनें आरंभापासून केली आहे. प्रस्तावनेंतच सूत्रधार सांगतो कीं भिक्षुणी कामंदकीचें काम आपण करणार आणि तिची शिष्या अवलोकिता हिचें काम आपला साथीदार करणार. पुरुषांनीं स्त्रिया व्हावयाचें हा संकेत प्रेक्षकांनीं पहिल्या घटकेस मान्य केलेला असतो. सातव्या अंकांत तोच संकेत कथेंतली लबाडी बनतो. मूळ कल्पना बृहत्कथेच्या परंपरेंतली आहे. कथासरित्सागरांतील मदिरावतीच्या गोष्टींत नायकाचा मित्र असाच वधूच्या वेषांत लग्नघरीं जातो. आमच्या झाडीपट्टींत ही गंमत प्रेक्षकांस समजावून द्यावी लागत नाहीं. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गांवोगांव रात्रभर खेळ चालतात. दंडारींत लुगडें नेसून स्त्रीपार्ट करणारा गडी आणि सीमेपलीकडच्या नाचांतली पुरुषच झालेली परी, दोन्ही येथें पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलीं आहेत. अशा खेळांत हंसें पिकतें तें, सोंग फसणाराखेरीज सर्वांस ठाऊक असतें म्हणून. भवभूतीनें तेंच हंसें घेतलें आणि फसणाऱ्याला तेवढें दूर ठेवलें.

६

भवभूतीला अवहेलना म्हणजे काय तें पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. याच मालतीमाधवाच्या प्रस्तावनेंत, आपली अवज्ञा करणाऱ्या समकालीनांस त्यानें जें उत्तर दिलें आहे तें संस्कृत जाणणाऱ्या प्रत्येकास पाठ आहे. समानधर्मा वाचकाची वाट पाहणारें तें वचन येथें उतरून घेण्याची गरज नाहीं. कवीच्या चरित्रावरून त्याच्या पात्रांचा अर्थ लावण्याचा हव्यास धोक्याचा असतो, हें आम्ही जाणून आहों. म्हणून एवढेंच म्हणतों: ज्या ग्रंथाच्या आरंभीं अवज्ञा झालेल्या माणसाचा आवाज आहे, त्याच ग्रंथांत अवज्ञा झालेल्या दुसऱ्या माणसाला केवळ खेळणें करून सोडून दिलेलें नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच पोथींत आहेत आणि त्या एकत्र वाचल्या पाहिजेत.

याला निर्णायक पुरावा दहाव्या अंकांत मिळतो. सर्व संकटें सरल्यावर सौदामिनी राजाचें पत्र देते. माधव व मालती यांचा विवाह राजानें मान्य केला आहे, मदयंतिका मकरंदास दिली आहे. हें पत्र भूरिवसूच्या समक्ष व नंदनाच्या अनुमतीनें लिहिलें गेलें, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. मृच्छकटिकाच्या शेवटीं शकाराला चारुदत्त क्षमा करतो. ती जिंकलेल्याची क्षमा आहे आणि ती थोर आहे. मालतीमाधवाच्या शेवटीं हरलेल्याची संमति विचारली जाते. तिच्यावांचून राजाचें पत्र पुरें होत नाहीं. ज्या माणसाची वधू कपटानें नेली, बहीण रात्रींतून नेली, त्याचा शब्द घेतल्याशिवाय मंगल झालें असें कवि म्हणत नाहीं. एका समासांतलें हें एक पद वाचतांना सहज निसटतें. आमच्या मतें नंदनाच्या सगळ्या गोष्टीचा निकाल त्या पदांत आहे.

७

आतां संग्राहक मित्रांस एक विनंती. शंकर पांडुरंग पंडित यांनीं १८८७ सालीं गउडवहो प्रसिद्ध करतांना मालतीमाधवाच्या एका जुन्या पोथीची हकीकत दिली. तिच्या तिसऱ्या अंकाच्या पुष्पिकेंत कर्ता कुमारिलाचा शिष्य म्हटला आहे, सहाव्याच्या पुष्पिकेंत उंवेकाचार्य, आणि दहाव्याच्या पुष्पिकेंत भवभूति. भवभूति व मीमांसक उंवेक एकच कीं काय, हा वाद एका पोथीच्या तीन ओळींतून निघाला. पुष्पिका न वाचतां पोथी बांधून ठेवणें किती महाग पडतें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

ज्यांच्या संग्रहीं मालतीमाधवाची पोथी असेल, मग ती पुरी असो कीं सुटीं पानें असोत, त्यांनीं तीन जागा ताडून पाहाव्या. प्रस्तावनेंत ‘विदर्भेषु’ हें पद आहे किंवा नाहीं. सातव्या अंकाच्या आरंभींच्या हकीकतींत नंदनाच्या अश्रूंचा उल्लेख कसा वाचला आहे. आणि दहाव्या अंकांतील पत्राच्या ठिकाणीं नंदनाच्या अनुमतीचें पद टिकलें आहे किंवा लेखकाच्या हातून गळलें आहे. पहिल्या जागेवर आमच्या मुलखाचा हक्क अवलंबून आहे. उरलेल्या दोन जागांवर एका हरलेल्या माणसाचा हक्क अवलंबून आहे, आणि त्याच्या बाजूनें बोलणारें दुसरें कोणतेंही दप्तर नाहीं. पद्मपूर, आमगांव, सालेकसा या टापूंत एखाद्या जुन्या घरच्या बासनांत अशी पोथी निघाली तर ती पाहावयास येण्यास आम्ही सदैव तयार आहों.